सलोमीताईंची पेज

सलोमीताई कोणाच्याही घरात शिरल्या की आधी स्वयंपाकघर गाठायच्या आणि थेट तांदळाच्या डब्यात हात घालायच्या. विचारणं नाही, पुसणं नाही. मी लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला आले, त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठ वर काढली, बोटांतून दाणे खाली सोडले आणि म्हणाल्या, "चांगला आहे तांदूळ. उद्यापासून यातली रोज एक मूठ माही." कपाळावर राखेचा क्रूस, गळ्यात शिट्टी, साडीखाली कॅनव्हासचे बूट! ही बाई कोण, आणि माझ्या तांदळावर हिचा काय हक्क, मला काही कळेना. सासूबाई मात्र निवांत चहा टाकत होत्या. "देऊन टाक," त्या म्हणाल्या, "नाही दिलंस तर रोज येईल."

आणि खरंच, रोज आल्या असत्या! सलोमीताई शाळेत पी.टी. शिकवायच्या. मूळच्या अचलपूरच्या मराठी ख्रिस्ती. नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीपायी रायपूरला आल्या आणि इथल्याच झाल्या. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बहुतेक घरं आमच्यासारख्या विदर्भातून आलेल्या हिंदू मराठी लोकांची, आणि चर्च गल्लीच्या टोकाला. कपाळाला राख लावून ईस्टरच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला की चर्चमधली माणसं जरा गंभीर होत, हळू बोलत. सलोमीताईंना मात्र तेव्हा नुसता चेव चढायचा. "प्रायश्चित्ताचे दिवस आहेत वं, झोपेचे नाही!" असं म्हणत त्या सकाळी सकाळी गल्ली डोक्यावर घेत.

त्या मुठीचा नियम साधा होता. रोज भात टाकायच्या आधी एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकायचा. चाळीस दिवसांनी सगळ्या घरांचे डबे चर्चमध्ये एकत्र ओतायचे. त्यातल्या थोड्या तांदळाची गुड फ्रायडेला मोठ्या गंजात पेज शिजायची. प्रार्थना झाली की सगळ्यांनी तीच खायची आणि उपास सोडायचा. उरलेला तांदूळ गरजूंच्या घरी जायचा. मी एकदा भीत भीत म्हटलं, "ताई, पण आम्ही तर ख्रिस्ती नाही."

"काहून, तुले मूठ नाही का?" त्या म्हणाल्या. झालं, विषय संपला.

उपवासकाळातल्या दर शुक्रवारी क्रूसाची वाट असायची. प्रभूच्या शेवटच्या प्रवासातले चौदा थांबे. प्रत्येक थांब्यापाशी प्रार्थना, मग पुढे. सलोमीताईंचा हट्ट असा की हे दरवेळी चर्चच्या आवारातच काहून? एक शुक्रवार बीरगांवला, कारखान्यात काम करणाऱ्या कुटुंबांकडे झालाच पाहिजे. मग टेम्पो ठरायचा, त्यात आम्ही बाया कोंबल्या जायचो, आणि मिरवणूक जरा रेंगाळली की शिट्टी! एकदा फादर अगदी नम्रपणे म्हणाले, "दीदी, क्रूस के रास्ते में सीटी मत बजाइए."

"मंग तुम्ही थोडं लवकर चाला नं, फादर," ताईंचं उत्तर तयार. "लोकाईले सेकंड शिफ्ट आहे."

पुढे माझी पोरगी दहावीत गेली. ती म्हणायची, "मौसी, मेरा होमवर्क है." तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच येतं. ताई म्हणायच्या, "उपवासकाळ दरसाल येते पोट्टे, पण तू काही दरसाल इतकी रिकामी नसशील." की पोरगी चपला घालून हजर! ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तर कहर असायचा. भनपुरीकडून कुठूनसे छिंदाचे, म्हणजे शिंदीचे, फाटे स्कूटरला बांधून त्या निघत. दुरून बघावं तर रस्त्यावरून एक झुडूपच हॉर्न वाजवत येतंय. पोरं त्याच पात्यांच्या तलवारी करून लढत, आणि ताई त्यांना रागवायचं सोडून कोण जिंकलं ते सांगत.

त्यांची पेज मात्र, खरं सांगते, चवीला काही फार ग्रेट नसायची. शंभर घरचा तांदूळ! कोणाचा दुबराज, कोणाचा एचएमटी, कोणाचा रेशनचा, बीरगांवकडचा उसना, म्हणजे उकडा. एक दाणा विरघळून जायचा, दुसरा दाताखाली टणक लागायचा. आणि एका वर्षी पेजेत खडा निघाला. निघाला तो निघाला, नेमका जोसेफ भैयाच्या दाताखाली!

जोसेफ भैया चर्चच्या समितीचे सेक्रेटरी. सदर बाजारात कापडाचं दुकान. मराठीच माणूस, पण आई सोडून सगळ्यांशी हिंदी. अर्धा दात गेल्यावर पुढच्या वर्षी त्यांनी बैठकीतच विषय काढला. "दीदी, अब ये पेज बंद करते हैं. पैकेट मँगवा लेंगे, पूरी-सब्ज़ी. साफ़-सुथरा. और चावल भी छाँटकर लीजिए, बारीक अलग, मोटा अलग. सब मिला देने से किसी काम का नहीं रहता."

त्यांचंही अगदी चूक नव्हतं. तरुण मंडळींनी माना डोलावल्या. सलोमीताई एरवी कोणाला ऐकून न घेणाऱ्या, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा पांढरा पडला. शेवटी फादरनीच मधला मार्ग काढला. यंदा पेज करू. तांदूळ नीट निवडलेला हवा, एक खडा चालणार नाही, आणि लोकांनी ती आवडीनं खाल्ली पाहिजे. नाहीतर पुढच्या वर्षीपासून पाकिटं.

मग काय विचारता! अख्खा पारा पेटून उठला. आमच्या सासूबाईंसकट हिंदू-ख्रिस्ती सगळ्या बाया सुपं घेऊन चर्चच्या व्हरांड्यात बसल्या. ताईंची इज्जत म्हणजे आमची इज्जत! गप्पा, चहा, टिंगल आणि निवडणं. ताई गंज आणायला गेल्या होत्या. त्या येईपर्यंत आम्ही इतकं सुंदर काम केलं, इतकं सुंदर, की खडा तर सोडाच, दुबराज एका चादरीवर, एचएमटी दुसऱ्या, जाडा तिसऱ्या, उसना चौथ्या! कोणी सांगितलं नव्हतं. हाताला सवयच ना, बाईचा हात तांदळात गेला की बारीक-जाड आपोआप वेगळं होतं. आता ताई शाबासकी देतील म्हणून आम्ही सगळ्या वर बघून हसत होतो.

ताईंनी चार ढीग पाहिले. गंज तिथंच ठेवला. खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी चारही ढीग एकात एक कालवायला लागल्या. "काय करून राहिल्या तुम्ही? काय केलं हे!" त्या ओरडल्या, आणि मग ओरडता ओरडता रडायलाच लागल्या. सलोमीताईंना रडताना कोणी पाहिलंच नव्हतं.

"माहा नवरा रेल्वेच्या यार्डात गाडीखाली गेला तवा पोरगी तान्ही होती," त्या म्हणाल्या. "घरात चूल नाही, दाणा नाही. या चर्चच्या बाया गंजभर पेज घेऊन आल्या. हेच दिवस होते, मुठीच्या तांदळाची पेज. मी खाऊन राहिली, न् दाताखाली एक दाणा जाड, एक बारीक, एक उसना. मंग समजलं, हे एका घरचं नाही. कोणी दिलं म्हणून विचारलं, तर कोणी सांगेच ना. आजवर मले माहीत नाही कोणाचं किती होतं. म्हणून तं मी या पाऱ्यात मान वर करून राहू शकली! कोणाचं कोणतं हे एकदा कळलं नं, की देणारा मोठा होते न् घेणारा लहान होते. ते नाही होऊ देणार मी."

सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि त्यांच्या शेजारी बसून तांदूळ कालवायला लागल्या. मग आम्ही सगळ्याच.

गुड फ्रायडेला ऊन मी म्हणत होतं. सकाळची क्रूसाची वाट, दुपारची लांबलचक प्रार्थना, लोक उपाशी आणि घामाघूम. मागच्या अंगणात पेज रटरटत होती आणि ताई पळी घेऊन उभ्या. मी सारखी आत-बाहेर करत होते, जणू माझ्याच पोरीचा निकाल लागणार आहे! लोक बाहेर आले, पण पुढे कोणी होईना. सगळे जोसेफ भैयाकडे बघत होते आणि ते भिंतीकडे.

तेवढ्यात त्यांच्या आईनं, व्हीलचेअरवर बसलेल्या म्हातारीनं, हात पुढे केला. हिवाळ्यापासून तिचं जेवण तुटलं होतं, चार घास म्हणजे डोक्यावरून पाणी. "मले दे, सलोमी," ती म्हणाली. ताईंनी वाटी दिली. म्हातारी सावकाश खात राहिली. मऊ ते गिळलं, टणक ते चघळलं, आणि वाटी पोराच्या हातात देऊन म्हणाली, "जोसेफ, अजून आण."

जोसेफ भैया ती वाटी घेऊन गंजापाशी आले. एक नाही, दोन वाट्या पुढे केल्या आणि चक्क मराठीत म्हणाले, "मला पण द्या, दीदी."

"न् खडा निघाला तर?"

"अजून दात आहेत की!"

अहाहा, काय हशा उसळला! मग रांग लागली ती अंगणाबाहेर गेली. बीरगांवची मंडळी शिफ्ट संपवून आली, त्यांनाही पुरली, आणि जोसेफ भैयांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पेज बंद होणार नाही. ताईंनी माझ्या हातात पळी दिली, गंजाच्या तळाची पेज खरवडून वाटीत घेतली आणि पायरीवर बसून खाल्ली. इतकं आनंदात मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

त्याच वर्षी थंडीत सलोमीताई गेल्या. संध्याकाळी शाळेच्या मुलींना धावायला लावून आल्या, पाणी प्यायल्या आणि खुर्चीत बसल्या, त्या उठल्याच नाहीत. कब्रस्तानात अख्खा पारा आला होता. पेटी खाली सोडली, फादरनी प्रार्थना म्हटली आणि एकेकानं पुढे होऊन मूठभर माती टाकायला सुरुवात केली. आमच्यात ही रीत नाही. मी वाकले, माती घेतली, कडेला उभी राहिले, आणि माझी मूठ काही केल्या उघडेना. इतकी वर्षं उपवासकाळात रोज सकाळी त्यांच्यासाठी मूठ सोडणारी बाई मी! मागे माणसं खोळंबली होती. मी नुसती रडत उभी.

जोसेफ भैया जवळ आले. माझ्या मुठीखाली त्यांनी आपला हात धरला आणि हळूच म्हणाले, "छोड़ दीजिए, भाभी. पेज हम देख लेंगे."

मग मी मूठ उघडली.