ज्या पावसात ठसका लागत नाही

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी झोपलो होतो. लोणखेड्याच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे. त्या दिवशी प्रात्यक्षिकं लवकर संपली, म्हणून घरी येऊन जरा आडवा झालो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. पुतणी कविता एवढंच म्हणाली, "काका, पप्पा उठतच नाहीयेत..."

मधूभाऊ, माझा मोठा भाऊ, नंदुरबारच्या बाहेर एका मिरचीच्या पथारीवर मुकादम होता. ओल्या लाल मिरच्या पसरून सुकवायचं मोकळं रान, त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. तिथल्या कडुनिंबाखाली, खुर्चीत बसल्या बसल्या, जेवणानंतरच्या झोपेत तो गेला. तासभर कुणाच्या लक्षातच आलं नाही. मिरचीचे देठ मोडणाऱ्या बायकांना वाटलं, रोजच्यासारखाच डोळा लागलाय. त्यांच्यातली जुनी रेवलीबाई मला नंतर म्हणाली, "आम्ही पोरीसले सांगं, वरडू नका. मुकादम पाऊस पाही ऱ्हायना."

डोक्यावर ऊन तळपत असताना भाऊ कुठला पाऊस पाहत होता, हे सांगायचं तर आधी एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी पस्तीस वर्षं पोटात ठेवली होती.

मी बारावीला होतो. आमचे वडील, आबा, तेव्हा अशाच एका पथारीवर मुकादम होते आणि भाऊ त्यांच्या हाताखाली राखणीला होता. मिरचीची राखण चोरापेक्षा आभाळाची असते. ढग आला की ओरडायचं, बायका गोळा करायच्या, ताडपत्र्या ओढायच्या. सुकत आलेली मिरची एकदा भिजली की आतून काळी पडते, बोटात धरली की गळते. त्या दिवशी भाऊ पहाटेपासून मिरची हलवत होता. मी डबा पोचवायला गेलो, तर म्हणाला, "तू बस जरासा बाजवर. मी विहिरीवर हातपाय धुईसन जेवी येस." मी पुस्तक उघडून बाजेवर बसलो. त्यानंतरचं मला आठवतं ते तोंडावर पडलेलं पाणी. उठलो तेव्हा अवकाळी पाऊस सरळ कोसळत होता, भाऊ एकटाच ताडपत्रीचं टोक दातात धरून ओढत होता, आणि रानभर लाल पाणी वाहत होतं.

आबा बाजारातून धावत आले. त्यांनी विचारलं, राखणीला कोण होतं? मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "मी. मन्हा डोळा लागना." बस्स. मी तिथंच उभा होतो. भिजलेलं पुस्तक माझ्या हातात होतं. मी काही बोललो नाही.

आबांनी त्याला त्याच संध्याकाळी पथारीवरून काढलं. पुढं आबा जिवंत होते तोवर त्यांनी भाऊला कुठल्याही गोष्टीची राखण सांगितली नाही, खळ्यावरच्या धान्याचीसुद्धा नाही. आमच्या गावी, रनाळ्यात, शेजारचे उखाआप्पा म्हणून आहेत. नावं ठेवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी भाऊचं नाव ठेवलं झोप्या. ते असं चिकटलं की लग्नात मांडवाच्या दारातच कुणीतरी ओरडलं, "नवरदेवले जागा करा रे, अक्षता पडी ऱ्हायन्यात!" सगळे हसले. भाऊही हसला. मी वाढपी होतो, हातात बुंदीचं ताट होतं... मीही हसलो. शोभावहिनी या घरात आली ती झोप्याची बायको म्हणूनच आली. एकदाच मी धीर करून भाऊला विचारलं होतं, तू असं का सांगितलंस? त्याने मान न वळवता उत्तर दिलं, "तुन्हं बारावीनं वरीस व्हतं ना रे." आबांनी मला त्या दिवशी शिक्षणातून काढलं असतं, यात शंका नाही. आज माझ्या घरात जे काही आहे ते त्या एका वाक्यावर उभं आहे.

आबा गेल्यावर भाऊ पुन्हा पथारीवर लागला. आधी मजूर म्हणून, मग वीसेक वर्षांनी मुकादम म्हणून. पण त्या दुपारने त्याला सोडलं नव्हतं. त्याला एकच स्वप्न पडायचं. आभाळ काळं, मिरची उघडी, आणि पाय मिरचीच्या चिखलात रुतलेले. घामाघूम होऊन उठायचा, दिवसभर चिडचिडा राहायचा. यावर तोडगा निघाला तो रेवलीबाईमुळे. ती वरच्या डोंगरातली, दर हंगामाला कामाला येणारी. तिच्या घरात सकाळी उठल्यावर एकमेकांना आधी स्वप्न विचारायची रीत होती, म्हणून ती पथारीवरही सगळ्यांना विचारायची. एकदा तिने मुकादमालाच विचारलं, आणि का कोण जाणे, त्याने सांगितलं. तिने देठ मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं आणि साधा कामाचा प्रश्न केला, "इतली मिरची तुडवी तुम्ही, मंग ठसका नही लागना का?"

भाऊ विचारात पडला. ठसका? इतक्या वर्षांत स्वप्नात एकदाही ठसका लागला नव्हता.

त्या दिवसापासून त्याने खिशात एक वाळलेली मिरची ठेवायला सुरुवात केली. घटकाघटकाने ती मोडायची आणि नाकाशी धरायची. ठसका लागला म्हणजे आपण जागे. हाताला सवय लागली की झोपेतही हात तेच करणार, असा त्याचा हिशेब होता. बायका त्याची भरपूर टर उडवायच्या. "मुकादम, जागा शेतस का?" अशी हाक आली की हा मिरची मोडणार, जोरात खोकणार आणि डोळे पुसत सांगणार, "शे वं माय, शे!" दोन-तीन महिने नुसता खोकला झाला. मग एका दुपारी, कडुनिंबाखाली, स्वप्नातल्या पावसात उभं राहून त्याने खिशातून मिरची काढली, मोडली, हुंगली. काही नाही. जणू कागद हुंगला.

हे सांगायला तो एसटीने माझ्याकडे लोणखेड्याला आला होता. पन्नाशी उलटलेला माणूस, पण चेहरा पहिल्या नंबराने पास झालेल्या पोरासारखा. मी म्हणालो, स्वप्नं तर मलाही आठवतात, त्यात काय एवढं? त्यावर तो जे बोलला ते मी जसंच्या तसं देतो. "आठवेल सपन म्हनजे दुसरानी सांगेल गोट. तू सकायले उठस, हातमा चिंध्या. कोन व्हतं, कोठे व्हतं, जुळाडत बस. भिजेल मिरचीगत, धरी ते गळी जास. आनि हाई... हाई म्हनजे आतमाच उठानं. आंग खाटवर जपेल, आनि मी तठे उभा. मी सोता. पायले गार लागी ऱ्हायनं, ताडपत्रीवर थेंब वाजी ऱ्हायनात, आनि माले माहीत शे की हाई बठ्ठं मन्हंच शे." हे सगळं आपलंच स्वप्न आहे हे झोपेतच पहिल्यांदा कळलं, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की त्या आनंदानेच जाग आली. मग तो शिकला की असं झालं तर तळहात एकमेकांवर चोळायचे, नजर जवळच्या मिरचीवर ठेवायची, म्हणजे स्वप्न टिकतं.

"मंग तू काय कयं? ताडपत्री ओढी?" मी विचारलं.

"नही रे. मांडी घाली बशी गऊ, मिरचीना मझार. म्हनं पड! कितला पडस ते पाहू." आणि तो माझ्या पलंगावर मांडी घालून इतका हसला की बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. ज्या पावसाने त्याला जन्मभर छळलं, तो पाऊस आता तो रोज जेवणानंतर हौसेने पाहायला जात होता. त्याच क्षणी मी म्हणायला हवं होतं, भाऊ, झोपलो मी होतो, आता गावाला सांगू या. मी म्हणालो, "भारीच." आणि चहा टाकायला सांगितला.

मीही मिरची ठेवून पाहिली. मला जमलं नाही. माझ्या स्वप्नात मी कायम झोपलेलाच असायचो, आणि सकाळी उठल्यावर आठवायचं ते फक्त तोंडावरचं पाणी. भाऊ पाच-सहा वर्षं आपल्या पावसात राजासारखा वावरला आणि एका दुपारी तिथूनच गेला.

त्यानंतर नवव्या दिवशी, रनाळ्याच्या घरी, जेवणानंतर पडवीत माझा डोळा लागला. मी बाजेवर होतो. मांडीवर पुस्तक होतं. पश्चिमेकडून ढग येत होता. हात आपोआप खिशात गेला... मिरची मोडली, नाकाशी धरली. ठसका लागला नाही. ती जाणीव कशी असते हे भाऊइतकं नेमकं मला सांगता येणार नाही. बंद खोलीत कुणी खिडकी उघडावी, आणि खोली तीच राहून सगळं स्पष्ट दिसावं, तसं काहीसं. बाजेची सुंभं मांडीला टोचत होती. प्रत्येक मिरचीवर वेगळी चमक होती. मी तळहात चोळले. तेवढ्यात विहिरीकडून भाऊ आला, तिशीच्याही आतला, ओल्या हातापायांचा. माझ्या तोंडाशी माफीचे शब्द आले. त्याने उत्तर द्यायला ओठ उघडले आणि मी हात वर करून त्याला थांबवलं. कारण मला ठाऊक होतं की हा भाऊ माझा मीच उभा केलाय. तो "जाऊ दे रे" म्हणाला असता तर ते मीच मला म्हटलं असतं. नेहमीच्या स्वप्नात हे कळलं नसतं. मी ती माफी घेऊन उठलो असतो, हलका झालो असतो आणि पुन्हा गप्प राहिलो असतो. माफी राहू दिली. पाऊस आला. मी बाजेवर ताठ बसलो आणि पाऊस थांबेपर्यंत पापणी मिटली नाही. त्या बाजेवर मी पहिल्यांदाच जागा होतो! उठलो तेव्हा छाती अशी भरून आली होती की वाटलं, आता कशालाच भ्यायला नको.

उत्तरकार्याच्या दिवशी मांडवात गाव जमलं होतं. श्रद्धांजलीची भाषणं चालू होती. मी माइक घेतला आणि सगळं सांगितलं. बाज, पुस्तक, विहीर, "मन्हा डोळा लागना". आवाज कापला नाही याचं मलाच नवल वाटलं.  मग पुढच्या रांगेतून उखाआप्पा काठी टेकत उठले. "हाई तू आते सांगस? तो जळी गया तवय?"

"हो आप्पा. उशीर झाला. चूक माझी आहे."

 आप्पांचे डोळे भरले होते, पण जीभ तीच होती. "मंग ते नाव तुन्हं शे. पस्तीस वरीस त्यानी वापरं, आते तू घे. झोप्या!" मागून कुणीतरी हसलं, मग सगळा मांडव हसला आणि रडलाही. तेवढ्यात दारातून शोभावहिनीचा आवाज आला. नवऱ्याचं नाव तिने उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "आनि त्यासनं नाव मधुकर शे. आयकी ल्या बठ्ठा. मधुकर."

आता रविवारी मी रनाळ्याला जातो. स्टँडवर उतरलो की एखादा तरी ओरडतो, "काय झोप्या, उना का?" मी खणखणीत आवाजात हो म्हणतो. इतक्या अभिमानाने मी आजवर कुठल्याच नावाला उत्तर दिलेलं नाही. मागच्या रविवारी वहिनी चहा द्यायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, तुम्हीही मिरची ठेवून पाहा, जमेल. तिने मान हलवली.

"माले नको भाऊजी तुमनं ते जागं सपन. सपनमा माले कळनं की हाई सपन शे, ते त्या आते या जगमा नहीत हाई बी कळी. मन्हं साधं सपनच बरं. चिंध्या ते चिंध्या." मग कपबशी खाली ठेवत ती लाजल्यासारखी हसली. "काल उना व्हतात. कोठे, काय, काही ध्यानमा नही. इतलंच आठवस, मी नाव लिसन हाक मारी... आनि त्यासनी ओ दिन्ही."