जेवणाच्या टेबलावरचं आकाश

ब्रह्मदेवानंतर विश्वनिर्मितीचं काम कुणी इतकं मनावर घेतलं असेल, तर ते सुरतेत, पर्वत पाटिया भागात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या साडूंनी. ब्रह्मदेवाला निदान जागा तरी मुबलक होती. साडूंकडे फक्त जेवणाचं टेबल. त्यावर काळं कापड अंथरून त्यांनी ग्रहगोल मांडले आणि घरच्यांची पानं जमिनीवर आणली. मूळ खेळ लेकीचा. बोटाएवढ्या यानांचे दोन ताफे ती कॉलेजातून घेऊन आली आणि तिने बापाला नियम शिकवले: आलटून-पालटून चाल करायची, समोरच्याचं मोठं यान टिपायचं, मध्ये दगड आला तर मारा लागत नाही. साडू आपल्या अहिराणीत एवढंच म्हणाले, "मंग दगडं मी करस."

साडू पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये रंग कालवतात. त्यामुळे साड्यांचा उरलेला राणी रंग थर्मोकोलच्या मंगळाला लागला, सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन एकावर एक चिकटून अवकाशस्थानक उभं राहिलं, आणि फाटक्या जरीची किनार शनीभोवती गेली. पाहुण्यांच्या वस्तूंवर तर त्यांची नजरच असते. माझ्या पाण्याच्या बाटलीचं झाकण सध्या नेपच्यूनभोवती फिरतं आहे. एकदा त्यांनी चलथाणच्या रसवंतीतून उसाची चिपाडं आणली, खळ लावून त्यांच्या उल्का वळल्या. सकाळी मुंग्यांची रांग थेट गुरूपर्यंत! मेहुणी झाडू घेऊन धावली, तर हे आडवे: "थांब व! परग्रहवर जीव सापडना!" सापडना म्हणजे सापडला, बरं का.

मग लेकीला बंगळूरला नोकरी लागली आणि डाव अर्धाच राहिला. चाल तिची होती आणि जिंकतही तीच होती. साडूंनी एकही यान हलू दिलं नाही. रोज दाढीच्या ब्रशने धूळ तेवढी झटकायचे. मी एकदा म्हटलं, "तिच्या वतीने मी खेळतो." "हात नको लावू, भो. तिनी चाल शे." पण त्यांचं मोठं यान आणि तिचा ताफा यांच्यामध्ये दर महिन्याला नवे दगड उगवत होते, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. मी म्हणालो, "साडूभाऊ, ही शुद्ध लबाडी आहे." ते दगडालाच रंग देत राहिले. "ती जिंकनी की डाव सरना. मंग ती कसाले यी?"

चेष्टा करायला गेलो होतो, पण डाव संपला तर लेक येणार कशाला, हे ऐकून मी रंगाची वाटी त्यांच्या हाताशी सरकवली.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली. बॅग दारातच टाकून टेबलाशी वाकली, एक डोळा मिटून दगडांमधून पाहत राहिली. साडू कपबशी फोडलेल्या पोरासारखे भिंतीशी उभे होते. एवढ्या गर्दीतही तिला एक फट सापडली.

"पप्पा, इथून मारा लागतोय."

"लागस," साडू म्हणाले. "मार, बेटा. तुनी चाल शे."

तिने यान उचललं, बापाकडे पाहिलं आणि ते होतं तिथेच ठेवलं.

"नको. या फटीत एक चंद्र हवा. तुम्ही करून ठेवा, दिवाळीला येईन तेव्हा बघू."

थर्मोकोल आणतो म्हणून साडू आतल्या खोलीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. थर्मोकोल टेबलाखालीच होतं.