आट्याची नळी आणि खटक्याची नळी

आमच्या कारेलीबागेतल्या सोसायटीत एक काळ अशी बोंब होती की माझ्या रायफलीला सायलेन्सर आहे. खालच्या मजल्यावरच्या गुजराती काकांनी पार्किंगमध्ये मला सराव करताना पाहिलं आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "बेन, आ तो पिक्चरमां होय छे एवुं ने? अवाज ज न आवे!" मी म्हटलं, "काका, असता तर आधी तुमच्या स्कूटरला लावला असता. सकाळी सहाला सगळी सोसायटी उठवता." काका मनापासून हसले, पण अफवा काही थांबली नाही.

ती नुसती पोकळ नळी होती. माझी रायफल हवेवर चालणारी, छर्ऱ्याची. तिच्या तोंडाशी ही नळी बसवायची, आणि पुढची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, नळीच्या टोकावर. दोन साइटींमधलं अंतर वाढलं की नेम बारीक घेता येतो. भानगड एकच होती. नळीसकट रायफल पेटीत मावत नसे, आणि पेटी आडवी धरून मला बाबांच्या स्कूटरवर मागे बसायचं असे. म्हणजे नळी रोज काढायची, रोज लावायची, आणि दर वेळी ती केसभरही न हलता जिथल्या तिथे बसायला हवी. नाहीतर कालचा नेम आज फुकट.

माझ्याकडे नळ्या दोन होत्या आणि त्यांच्यावरून घरात दोन पक्ष.

पहिली बाबांनी त्यांच्या कारखान्यातल्या लेथवर स्वतः केलेली. तिला आटे होते. फिरवत फिरवत घट्ट करायची आणि नळीवरची रेघ रायफलीवरच्या रेघेला जुळवायची. दुसरी माझ्या मामेभावाने जर्मनीहून आणलेली. तिला आटे नाहीत, एक खाच आणि एक खटका. खाचेत सरकवली, खटका दाबला, टक्! झालं. ते नव्वद सालानंतरचे दिवस होते, बाहेरची वस्तू घरात आली की सगळे ती हातात घेऊन बघायचे. बाबांनी मात्र बघून खाली ठेवली. "आता सगळं बाहेरचं मिळायला लागलं, म्हणून घरचं फेकायचं का?"

"फेकतंय कोण? पण तुमची लावेपर्यंत माझा हात भरून येतो."

"घाई कसली आहे तुला? आट्याला धीर लागतो."

धीर हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरायचं. पण बाबांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. आट्याची नळी घट्ट बसायची. मात्र एखाद्या दिवशी हाताचा जोर जास्त लागला की रेघ पुढे जायची आणि साइट किंचित कलायची. खटक्याची नळी जोरबिर ओळखत नसे, रोज तिथेच. तिचं नखरेल दुखणं एकच: खाच स्वच्छ हवी. रोज संध्याकाळी आम्ही दोघं पार्किंगमध्ये पुठ्ठे टांगून नळ्या काढत-लावत बसायचो आणि भोकं ताडून बघायचो. मी म्हणायची माझी बरी, बाबा म्हणायचे त्यांची. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला फार आवडायच्या.

त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती. रायफल क्लबची होती. संघात आले तर ती माझ्याकडे राहणार, नाही आले तर परत करायची. तशी दुसरी विकत घेणं आमच्या आवाक्यात नव्हतं, म्हणजे माझी नेमबाजीच बंद. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी त्याबद्दल बोलत नसे.

आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. घोडा गेला, नोकरी गेली, एक तलवार तेवढी राहिली. खंडेनवमीला ती पाटावर यायची. त्या वर्षी आईने तलवारीशेजारी माझी रायफल आणि दोन्ही नळ्या मांडल्या. मी म्हटलं, "अगं, खेळाची आहे ती!"

"शस्त्र आहे ते. गुपचूप नमस्कार कर." आईने हळदकुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि झेंडूचं फूल ठेवलं. पूजा हलेपर्यंत शस्त्राला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर रायफल हातात आली. मी वरवर पुसून पेटीत भरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीसाठी रेंजवर गेले आणि खटक्याची नळी लावली. टक् नेहमीसारखं वाजलं. सरावाचे छर्रे सोडले आणि निशाण बघितलं. सगळे डावीकडे, खाली. पण एकमेकांना चिकटून! म्हणजे हात शाबूत होता, नळी फिरली होती. साइट फिरवून नेम मध्ये आणता आला असता, पण आत काहीतरी अडकलं असेल आणि ते स्पर्धेत मध्येच हललं तर? घड्याळ चालू होतं. मी खटका सोडला, जर्मन नळी बाजूला टाकली आणि बाबांची उचलली. मनात आलं, चला, निदान त्यांना तरी आनंद होईल.

दोन आटे फिरवले आणि सहज मागे पाहिलं. दोरीपलीकडे बाबा उभे होते आणि जोरजोरात मान हलवत होते. नाही, नाही! बोलायला बंदी होती. त्यांनी ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारून दाखवली. पंच त्यांच्याकडे रागाने बघायला लागले, तर बाबा लगेच छताकडे बघू लागले.

मी जर्मन नळीच्या खाचेत पाहिलं. कुंकवात भिजून वाळलेला अक्षतेचा कण आत चिकटून बसला होता. अगं आई गं! केसातली पिन काढून तो खरवडला, फुंकर मारली, टक्. पुढचा छर्रा मधोमध.

संघात माझा नंबर शेवटचा लागला, पण लागला. यादी वाचून मी धावत बाहेर आले. बाबा स्कूटरपाशी उभे होते.

"बाबा, तुमची नळी लावत होते ना मी! नको का म्हणालात?"

"तुझीच चांगली आहे. मला कधीच कळलं होतं ते."

"मग इतके दिवस भांडत का होतात?"

"नाहीतर तू माझ्याबरोबर रोज संध्याकाळी खाली आली असतीस का?"

आमच्या घरात बापलेकींनी मिठी मारायची पद्धत नाही. मी मारली, रेंजच्या फाटकात, सगळ्यांच्या देखत. बाबा अवघडून तसेच उभे राहिले, मग माझ्या पाठीवर थोपटत म्हणाले, "चल, बस मागे. सीट तापलीये, जपून बस."