तळ्याचा तळ

आज सकाळी नानांच्या तळ्यातले जिताडे मासे तोंडं वर काढून हवा ओढत होते. तळाचं पाणी कुजलं होतं आणि त्याला बाहेर जायला वाटच नव्हती.

या तळ्याचा आराखडा मीच काढला होता. खाडीचं खारं पाणी पंपानेच आणायचंय ना, मग तळ भरतीच्या पातळीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे झडप उघडली की घाण पाणी आपसूक खाडीत जाईल, असं तीनदा सांगितलं होतं. नानांनी मान डोलावली, आणि माझी पाठ वळताच जेसीबीवाल्याकडून आणखी पुरुषभर खोदून घेतलं. तळ झडपेच्याही खाली गेला.

"तळं कसं खोल पाहिजे," ते आजही म्हणाले. "बशीत कोण मासे पाळतं?"

मी कपाळाला हात लावला. पाणी आत कसं घ्यायचं, हे सगळे विचारतात. बाहेर कसं जाणार, हे विचारणारा अजून मला भेटायचाय. आणि मी तरी कोण मोठा लागून गेलो? हा राग घरी नेऊन मी आठवडाभर साठवणार, हे मला पक्कं ठाऊक आहे.

"भांडत काय बसलात? मासे मरतायत!" नानांची बायको, आमच्या काकू, ओरडल्या. "पंपाचा पाइप तळ्यात टाका आणि घाण पाणी उपसा आधी."

आम्ही दोघांनी पाइप फिरवला. समोर ओहोटी लागली होती. अख्खी खाडी आपली आपण रिकामी होत होती, आणि तिच्या काठावर आमचा पंप डिझेल पीत, धापा टाकत एक तळं उपसत होता.