राखेच्या रंगाचं तोंड

मी तिसरी शिकलेला माणूस आहे. पास झालेली तिसरी, हे आधीच सांगून ठेवतो. धानाच्या बांधीत मचाणावर बसून मी डुकरं हाकलली, मोहाखाली आलेल्या अस्वलाला जळतं लाकूड दाखवून परत पाठवलं. गावात कुणालाही विचारा, म्हातारा हट्टी आहे म्हणतील, भित्रा म्हणणार नाहीत. म्हणून मला भेव पहिल्यांदा कुठं वाटलं, हे सांगायची लाज वाटते. चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये वाटलं. भर दुपारी, गादीच्या खुर्चीत, मांडीवर मक्याच्या लाह्यांचा पुडा असताना.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. महिन्यानं तपासायला बोलावलं, तेव्हा सून सोबत आली. मुलगा कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवतो, आठ-आठ दिवस घरी नसतो, त्यामुळे दवाखाना, बँक, रेशन सगळं तिच्याच अंगावर. डॉक्टर म्हणाला, डोळा चांगला झाला. बाहेर आल्यावर सून म्हणाली, "मामाजी, बस संध्याकाळची हाये. तवरिक पिच्चर पाहू. नव्या डोयानं कायतरी पाहा तं."

तो पिच्चर दुसरा भाग होता. पहिला तिनं मोबाइलवर पाहिला होता, भांडी घासता घासता. मला तिनं थोडक्यात समजावलं. एक उडणारा माणूस आहे, तो लोकांना वाचवतो. त्याच्या विरोधात एक आहे, तो पहिल्या भागात मेला होता. आता परत आला आहे.

"मेला तं परत कसा आला?"

"लोकाईनं आणला मामाजी. सगळे म्हणत होते, तो पाहिजेच."

मला वाटलं थट्टा करते. पण आत गेलो तर खरंच तसं होतं. उडणारा आला तेव्हा चार-दोन टाळ्या पडल्या. मग पडद्यावर अंधार झाला, नुसती पावलं वाजली, आणि अख्खी टॉकीज उभी राहिली. शिट्ट्या, कागदाचे तुकडे, मोबाइलचे दिवे. माझ्या पुढच्या रांगेत कापडाच्या दुकानदारासारखा दिसणारा एक भला माणूस, बायको शेजारी बसलेली, तो खुर्चीवर चढून ओरडत होता.

तो आला. अनवाणी, अंगात साधा सदरा, तोंड चुलीतल्या राखेच्या रंगाचं आणि ओठाचा एकच कोपरा हसणारा. तो पळत नाही, ओरडत नाही. ज्याला मारायचं त्याच्याजवळ हळू चालत जातो आणि मायेनं म्हणतो, "बैठ जा. थक गया होगा." माणूस बसतो. बसला की संपला. पडद्यावर तो हे बोलायच्या आधी टॉकीजच बोलली. शंभर तोंडांतून एकदम निघालं, बैठ जा. बायका बोलल्या, माझी सूनही बोलली.

मी लाह्यांचा पुडा मुठीत आवळला. ती चाल माझ्या ओळखीची होती. घाई नाही, आवाज नाही, नजर एकाच जागी. आमच्या जंगलात असं कोण चालतं, त्याचं नाव आम्ही जंगलात घेत नाही, मोठा म्हणतो. आणि इथं तो चालत येत होता आणि लोक शिट्ट्या मारत होते.

परतीच्या बसमध्ये मी सुनेला विचारलं, "तुले त्याच्यात का आवडलं वं?"

ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "उडणारा नुसता उडते. हा इचारते तरी, दमली का म्हणून. मले कोन इचारते?"

उत्तर होतं, पण ते माझ्या सोयीचं नव्हतं.

गावात पिच्चर आमच्या आधीच पोचला होता. पानठेल्यावर दोन बाप्ये भांडत होते, तिसऱ्या भागात तो वाचतो की नाही यावर. न्हाव्यानं त्याच्यासारखे केस कापायला सुरुवात केली. कुणी बांधावरून जाताना दिसला की दुसरा ओरडायचा, "बैठ जा गा, थक गया होगा!" आणि सगळे हसायचे. मीच एकटा दचकायचो. "म्हाताऱ्याले पिच्चर लागला," असं कुणीतरी म्हणालंही. त्याला मी दिलेली शिवी इथे लिहीत नाही.

मग मोहाचा हंगाम आला, आणि तो माझ्या घरात शिरला.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला पहाटे जातात. बाई वाकून वेचते, आणि वाकलेला माणूस मोठ्याला जनावरासारखा दिसतो, तो मागून येतो. मागच्या हंगामात शेजारच्या गावची एक बाई अशीच गेली. म्हणून फॉरेस्टवाल्यांनी मुखवटे वाटले होते, डोक्याच्या मागं बांधायचे, म्हणजे त्याला वाटावं माणूस आपल्याकडेच पाहतो आहे. ते मुखवटे बावळट तोंडाचे होते. मी माझा बांधला नाही. माझा आणि सुनेचा, दोन्ही नेऊन वांग्याच्या वाडीतल्या बुजगावण्याला लावले, आणि उन्हानं ते तडकले. यंदा आठवडी बाजारात त्या राखेच्या तोंडाचे मुखवटे विकायला आले. बायकांनी तेच घेतले. सकाळी मोहाच्या वाटेनं दहा बायका चालल्या की मागून दहा वेळा तोच हसताना दिसायचा.

सुनेनं तिचा खुंटीला टांगला. मी ओसरीत बसलो तरी तो माझ्याकडे पाहायचा, चुलीजवळ बसलो तरी पाहायचा. जेवताना घास उतरेना. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी सून पाण्याला गेली तेव्हा मी तो काढला आणि चुलीत घातला. वितळताना ओठाचा तो कोपरा सगळ्यात शेवटी गेला.

मुखवटा कुठं गेला ते सुनेला सांगितलं नाही, एवढंच म्हणालो, "आपल्या घरच्या बाईनं असल्या पाप्याचं तोंड डोक्याले बांधून फिरू नाई." इज्जतीचं नाव पुढं केलं. खरं कारण भेव होतं.

"मंग मी उद्या काय बांधू मामाजी?"

"मी येतो ना सोबत. मी असताना मुखवटा कायले पाहिजे?"

ती रिकाम्या खुंटीकडे एकदा पाहून टोपल्या झटकायला गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं आमच्या मोहाखाली होतो. बाकीच्या बायका नाल्यापलीकडे, आवाज ऐकू येईल इतक्या लांब. उजाडलं होतं. सून वाकून वेचत होती, मी तिच्यापासून वीस-पंचवीस पावलांवर काठी टेकून उभा होतो. वानर खोकललं, मोठा दिसल्यावर इशारा देतं तसं. एकदा, मग परत.

मी नव्या डोळ्यानं पाहिलं. सुनेच्या मागं बांबूची दाट रांजी होती, आणि रांजीआड मोठा होता. आधी फक्त कान दिसले. मग पट्ट्यांचं तोंड. तो तिच्या पाठीकडे पाहत होता, तिच्या मोकळ्या डोक्याकडे, जिथं कालपर्यंत कुणीतरी होतं.

असं दिसलं की ओरडायचं, हे मीच गावाला शिकवलं आहे. मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. खरं सांगतो, माझ्या कानात कुणीतरी मायेनं म्हणत होतं, बैठ जा. मला बसावंसं वाटलं. एवढं बसावंसं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

मी चालायला लागलो. पळालो नाही, पळता येतच नव्हतं. तिच्याजवळ पोचलो आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभा राहिलो, तोंड त्याच्याकडे करून. तेव्हा कुठं घशातून एवढंच निघालं, "बाई, उभी राय. बसू नोको. मागं पाहू नोको."

ती उभी राहिली. तिला समजलं. तिची पाठ थरथरत होती, का माझी, कळत नव्हतं. तिच्या हातातली टोपली पडली. तो दोन पावलं पुढं आला आणि थांबला. मी डोळे मिटले नाहीत, ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं तरी. मोहाची फुलं टपटप पडत होती, एक माझ्या खांद्यावर पडलं, आणि त्या एवढ्याशा आवाजानं माझा जीव जाता जाता राहिला.

मग तोच बसला. मांजरासारखा, आमच्याकडे पाहत. किती वेळ, मला सांगता येणार नाही. शेवटी उठला, तोंड वळवलं, आणि आला तसा रांजीत निघून गेला. घाई नाही, काही नाही.

आम्ही पाठीला पाठ लावूनच आडवे आडवे, खेकड्यासारखे सडकेपर्यंत आलो. नाल्यापलीकडच्या बायका तिथं उभ्या होत्या, त्यांनी पाहिलं आणि हसायला लागल्या. मग आमची तोंडं पाहून धावत जवळ आल्या.

घरी ओसरीत मी म्हणालो, "मुखवटा मीच जाळला."

"मले मालूम हाये. चुलीले प्लास्टिकचा वास येऊन राह्यला होता."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमाले भेव वाटते हे तुमाले मालूम नोतं. मी काऊन सांगू?"

मला तिला म्हणायचं होतं, बस, दमली असशील. पण ते शब्द त्याचे होते, माझ्या तोंडातून निघेनात. मी पाण्यानं भरलेला पितळी गुंड आणि पाट तिच्याकडे सरकवला. ती बसली, आणि मग खूप वेळ रडली.

पुढच्या बाजारी मी स्वतः गेलो. मुखवटेवाल्याकडे उडणाऱ्याच्या तोंडांचा ढीग तसाच पडला होता.

"बाबाजी, नातवाले पाहिजे का? कोनता देऊ?"

"दोन दे. राखेच्या तोंडाचे."

एक सुनेला, एक मला. आता मोहाखाली जाताना मीही बांधतो. लोक हसतात, हसू देत. पण माझं भेव काही गेलं नाही. डोक्यामागं तो हसतो आहे, हे मला चालताना सतत जाणवतं, आणि मान ताठ होते. घरी आलो की मी तो भिंतीकडे तोंड करून टांगतो.