टीपबाईंचं मिटलेलं तोंड

गल्लीत त्यांना सगळे टीपबाई म्हणत. उभा जन्म शिवणयंत्रावर काढलेल्या बाईला दुसरं नाव चिकटणार तरी कुठलं? साऱ्या गल्लीचे उसवलेले खिसे त्यांनी शिवले आणि साऱ्या गल्लीच्या भानगडी पोटात ठेवल्या.

मशीनच्या वर भिंतीवर त्यांचं रंगवलेलं चित्र होतं. माडीवर राहणाऱ्या, दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या भाडेकरूने बारा वर्षांपूर्वी हौसेने काढलेलं. विरळ पांढरे केस, गळ्यात मापाची फीत, नजर खाली, आणि ओठ असे घट्ट मिटलेले की बघणाऱ्याने आपला काय गुन्हा झाला ते आठवावं.

लेकीला तो गुन्हा ठाऊक होता. चित्र काढलं त्याच महिन्यात ती आईशी कडाक्याचं भांडून दूरच्या गावी नोकरीला निघून गेली होती. तेव्हापासून वर्षातून एकदा यायची, चित्राकडे पाठ करून बसायची आणि दोन दिवसांत परतायची. या खेपेला मात्र आईला कायमचं घेऊन जायचं ठरवून आली होती. म्हातारीला आता एकटं राहणं झेपत नव्हतं. पण ते ओठ दिसले की हिचं अवसान गळायचं. निघायची वेळ आली. शेवटी भलतंच विचारून बसली.

"आई, अजून राग गेला नाही ना तुझा?"

"कसला?"

लेकीने मान न वळवता मागच्या चित्राकडे बोट दाखवलं.

टीपबाईंना हसता हसता खोकला आला. "अगं वेडाबाई, तोंडात टाचण्या होत्या माझ्या! त्या शहाण्याने गाळल्या. म्हणे, शोभत नाहीत."

"म्हणजे राग नव्हताच?"

"होता की! चांगला चार दिवस होता. पाचव्या दिवशी तुझा कोट बेतायला घेतला. तिकडे थंडी फार, असं कळलं होतं."

त्यांनी ट्रंकेतून राखाडी कोट काढला. पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके अजून तसेच होते.

"मग दिला का नाहीस?"

"माप घेऊ देतेस कुठे? आलीस की पिशवी दाराशीच. अंदाजाने शिवून माझं नाव घालवू?"

बारा वर्षं! मायलेकी दोघी हट्टाला सारख्याच. बोलायचं तेवढं सोडून बाकी सगळं केलं. लेकीला रडू आवरेना. तशीच डोळे पुसत तिने कोट अंगात चढवला. कमरेत तो घट्ट झाला.

"सुटली आहेस," टीपबाई म्हणाल्या. "असू दे, आत कापड राखलंय." त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि खाली वाकल्या. चित्रातला तोच चेहरा, हातभर अंतरावर. असं प्रेमाचं तोंड आपण बारा वर्षं चुकवलं, याची लेकीला लाज वाटली.

"आई, माझ्याकडे राहायला चल. कायमची."

टीपबाईंनी हातानेच थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून लेकीच्या तळहातावर ठेवल्या.

"मशीनला खिडकीपाशी जागा लागेल," त्या म्हणाल्या. "आणि आता सरळ उभी राहा."