हाव

"नोकरी हवी आहे का तुला?" सरांनी विचारलं.

"हाव," मी म्हणाले.

सरांनी पेन खाली ठेवलं आणि हॉलकडे वळले. "ऐकलंत? हिला नोकरीची हाव आहे!"

अख्खा हॉल खदाखदा हसला. नांदेडच्या कॉलेजातलं माझं पहिलं वर्ष, सरावाची मुलाखत, समोर सगळा वर्ग. किनवटकडं आमच्या जंगलातल्या गावात 'हो'ला 'हाव'च म्हणतात. आश्रमशाळेतल्या गुरुजींनाही आम्ही हावच म्हणायचो. सर म्हणाले, "हाव म्हणजे लोभ. शब्दकोश बघ. तिकडून येता, निदान बोलायला तरी शिका." मी मान खाली घातली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

वर्षभर माझं नाव हाव होतं. हाव आली. हाव गेली. ए हाव, सरक जरा.

मी जिभेला लगाम घातला. आरशासमोर उभी राहून 'हो' म्हणायचे. एकदा आईचा फोन आला, जेवली का म्हणून. "हो," मी म्हणाले. आई म्हणाली, "कोण बोलून राहिलं?" मला रडू आलं. रागही आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

तिसऱ्या वर्षी सरांनी मला मार्गदर्शन कक्षात विद्यार्थी मार्गदर्शक केलं. "तू सुधारलीस. आता तुमच्यातल्या बाकीच्यांना सुधार." छातीवर बिल्ला आला, बसायला टेबल आलं. सरांना विचारायची हिंमत नव्हती ते सगळं पोरं मला विचारायची. बाप काय करतो ते सांगायचं का? चपलेवर गेलं तर चालतं का? 'स्वतःबद्दल सांगा' म्हणतात तेव्हा नेमकं काय सांगायचं? आधी मी पाठ केलेली उत्तरं द्यायचे. मग ऐकता ऐकता डोकं भणभणायला लागलं. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, आपण जसे आहोत तसे चालू का? हा प्रश्न आमच्या डोक्यात घातला कुणी?

शबाना देवणीची. वडील गाद्या भरतात. लातूरला रक्त तपासायच्या लॅबमध्ये जागा निघाली होती आणि ती तिला हवीच होती. महिनाभर ती माझ्या टेबलाशी बसून तयारी करत होती. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सरांनी तिला हॉलमध्ये उभं केलं.

"रात्रपाळी करशील?"

"हाव, सर."

सर माझ्याकडे बघून हसले. "ही पण तुमचीच! आधी हिची जीभ साफ कर. मुलाखतीचं पुढच्या वर्षी बघू."

हॉल तसाच हसला. शबानाची मान तशीच खाली गेली. ती मान मी ओळखत होते. मी उठले.

"सर, हाव म्हणजे हो. तिनं उत्तर बरोबर दिलं."

"आणि शब्दकोशात?"

"लोभ. मग तसं समजा. हाव हाय आमाला. नोकरीची हाय. तुमी बसता त्या खुर्चीची बी हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. "बिल्ला ठेव आणि बाहेर हो," सर म्हणाले. ठेवला.

बाहेर शबाना म्हणाली, "दीदी, मी न्हाई जात. माझ्यापायी उगंच तुमचं गेलं." मी तिच्यावर ओरडलेच. जाहिरातीत थेट मुलाखतीला या असं लिहिलं होतं, कॉलेजनं पाठवायची गरजच नव्हती. दोघींनी मिळून ते वाचलंही होतं. तरी सर नको म्हणाले की संपलं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

सकाळच्या एसटीनं दोघी लातूरला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "मुलाखतीला आलात का?"

शबानानं माझ्याकडे बघितलं. मी तिलाच पुढे केलं.

"हाव," ती म्हणाली. खणखणीत.

जागा मिळाली की नाही ते अजून कळलेलं नाही. बिल्ला मला परत नको. कक्षाबाहेरच्या पायऱ्यांवर मी रोज बसते आणि पोरं येतात. मुलाखतीचं जे जे येतं ते सगळं त्यांना शिकवते. जीभ मात्र कुणाचीच साफ करणार नाही. ज्याला आमचं हाव कळत नाही, त्यानं ते शिकून घ्यावं.